उजव्या कानाची यादी

बागवान, तुझ्या कॅसेटच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात,
तरी एकतीस डिसेंबरला शटर अर्धं ओढून
आपण याद्या बदलतोच.
पाच अल्बम. कारणं तोंडी.
हरणाऱ्यानं गंगावेशीत दूध पाजायचं.
हरतं कोण, ते बावीस वर्षांत ठरलेलं नाही,
दूध मात्र दरवर्षी दोघंही पितो.

माझी यादी नेहमीसारखीच,
जॉबकार्डाच्या पाठीमागं, शिसपेन्सिलीनं.
डाग आहे तो कटिंग ऑइलचा. त्यातून वाच.

पाच. इचलकरंजीच्या तीन पोरांचा ‘खटका’.
मागाचाच आवाज ठेक्याला घेतलाय.
शिव्या जरा जास्त आहेत, मान्य.
पण सहावं गाणं ऐक की :
बाप पाळीवरून येतो, कुणाशी बोलत नाही,
पाठीमागचा खटखटाट पातळ पातळ होत जातो
आणि शेवटी नुसता
पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज.
चारदा ऐकलं बसमध्ये.
गोकुळ शिरगावचा स्टॉप मागं राहिला.

चार. एस्टोनियाची कुणी बाई,
नाव मला उच्चारता येत नाही, तुलाही येणार नाही.
एक चेलो आणि एक गोठलेलं तळं.
चाळीस मिनिटं काही म्हणजे काही घडत नाही.
रंकाळ्यात पहाटे जलपर्णी काढणारी माणसं असतात बघ,
होडीत उभी, हातात दाताळं, तोंडातून चकार शब्द नाही,
त्यांच्याकडं बघत बघत ऐकलं.
मग कळलं, घडत होतं.

तीन खोडलंय. विचारू नकोस.
बरं, विचार.
तूच सुचवलेलं. वर्षभर डोकं खाल्लंस
म्हणून लिहिलं होतं,
पण न आवडता लिहायचं नाही
हा नियमही तुझाच.

दोन. कृष्णाबाई नेर्लीकरांची मैफल,
स्पूलवरून उतरवलेली,
एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर सापडली म्हणे.
बिभास. सूर लावायच्या आधी बाई खोकतात,
कुणाला तरी “दार लोट गं” म्हणतात.
साफ करणाऱ्यानं ते तसंच ठेवलं,
त्याला एक नमस्कार.
मी तुला म्हणालो,
तंबोऱ्याशिवाय गातात बाई, काय छाती लागते!
तू गल्ल्यावरचे पैसे मोजायचे थांबलास.
“लेका, डावीकडं दोन तंबोरे आहेत.”

एक.
ह्याला नाव नाही, कव्हर नाही.
सीपीआरमध्ये, लाकडी पेटीएवढ्या खोलीत,
भिंतींना स्पंज, काचेपलीकडं वाळवेकर आडनावाची पोरगी.
“आवाज आला की बटण दाबा, काका.”
आधी एक बारीक सूर,
मग त्याच सुराची सावली,
मग सावली होती की नव्हती असं काहीतरी.
उजवीकडं सगळं आलं.
डावीकडं वरच्या पट्टीत सामसूम.
अठ्ठावीस वर्षं उद्यमनगरात
ग्राइंडरकडं डावा खांदा करून उभा आहे मी.
तरी दाबत गेलो बटण.
कुणी एवढा वेळ गातंय पलीकडं,
दाद नको द्यायला?
पोरगी म्हणाली,
“काका, अंदाजानं दाबू नका.”

इतक्या जिवाचा कान करून, भावा,
वर्षात दुसरं काही ऐकलं नाही मी.
त्यामुळं नंबर बदलणार नाही,
कितीही भांड.

आता तुझी यादी काढ.
आणि तिकडं नको, ह्या बाजूला स्टूल घे.
दूध यंदा मीच पाजतो, कबूल.
फक्त ते दोन तंबोरे
कसे लागलेत, एवढं तोंडानं दाखव.
तुझा आवाज फाटका आहे, ठाऊक आहे मला.
चालतंय.